रिक्षाची बॉडी कोणाकडून बांधून घ्यावी?

प्रश्न : मी सोलापुरात रिक्षा चालवतो. अक्कलकोटला जाणाऱ्या वयस्कर भाविकांना चढणे सोपे जावे म्हणून उंच छताची, खालच्या पायरीची आणि मागे चादरींचे गठ्ठे मावतील अशी रिक्षा बांधून घ्यायची आहे. कारागीर कसा शोधावा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली कल्पना उत्तम आहे, मात्र कारागिराआधी आरटीओ कार्यालयात जावे, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील आणि उत्पादकाचे मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. गाडीची लांबी किंवा आसने वाढवली, तर पासिंग अडते आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येतो. पायरी, पकडदांडी, गादी यांबाबतही आधी विचारूनच काम द्यावे.

कारागीर निवडताना नवी, चकचकीत रिक्षा पाहून भुलू नये. त्याने बांधलेली, निदान दोन-तीन पावसाळे काढलेली गाडी मागावी, मागच्या आसनाची गादी उचलावी आणि खालचा पत्रा सांगाड्याला जिथे जोडला आहे तिथे बोट फिरवावे. वेल्डिंग सलग नसेल किंवा रंगाखाली गंजाचे फुगे हाताला लागले, तर तिथूनच परतावे. अशी जुनी गाडी रिक्षा थांब्यावर सहज भेटते, आणि तिचा चालक गॅरेजवाल्यापेक्षा खरे बोलतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, शेवटचा हप्ता पासिंगनंतरच.

गठ्ठ्यांचे म्हणाल, तर ते मालवाहू तीनचाकीतूनच न्यावेत.