हॉटेलची नोकरी सोडून गॉरमे स्टोअरमध्ये गेलं तर करिअर मागे जातं का?

तू लिहिलंयस की हॉटेल मॅनेजमेंट करून दोन वर्षं फाइव्ह स्टारमध्ये सर्व्हिसला आहेस, आता एका गॉरमे फूड स्टोअरची (म्हणजे चीज, इम्पोर्टेड आणि खास खाद्यपदार्थांचं महागडं दुकान) असिस्टंट मॅनेजर म्हणून ऑफर आलीय आणि घरचे म्हणतायत एवढं शिकून दुकानात उभी राहणार का. मी याच वाटेने गेलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी 2004 ला दादरच्या आयएचएममधून (हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज) बाहेर पडले आणि सात वर्षं हॉटेलात काढली, आधी रेस्टॉरंट मग बँक्वेट, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या जेवणांचा विभाग. ब्रेक शिफ्ट तुला माहितीच आहे, अकरा ते तीन आणि परत सात ते रात्री बारा. मी राहायला डोंबिवलीला, मधल्या चार तासांत घरी जाऊन येणं शक्यच नाही, मग लॉकर रूमच्या बाकावर पडून राहायचं. तरी मला ते काम मनापासून आवडायचं. मुलगी झाल्यावर परत गेले तेव्हा हॉटेलवाल्यांनी सांगितलं की तुला आता उशिरापर्यंत जमणार नाही, आणि मी नाही म्हणायच्या आधीच माझं प्रमोशन माझ्या हाताखालच्या मुलाला देऊन टाकलेलं. ते आजही आठवलं की वाईट वाटतं.

ते 2011 साल. मुंबईत या दुकानांचे दिवस तेव्हा नुकते सुरू झालेले, नेचर्स बास्केट 2005 पासून होतं आणि त्याच वर्षी पॅलेडियमला फूडहॉल उघडलं. मी एका दुसऱ्याच छोट्या दुकानात चीज आणि डेली (कापून विकायचं तयार मांस, सॉसेज वगैरे) काउंटरला लागले, पगार हॉटेलपेक्षा थोडा कमीच. सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या की ती हल्ली दुकानात असते, आणि मला ते लागायचं.

पण खरं सांगू का, मॅनेजर मी तिथेच झाले. हॉटेलात आपण इंडेंट (मालाची मागणी) पाठवतो, हॉटेलच्याच कोठारातून माल येतो, उरलं तर किचन त्याचं काहीतरी करतं. दुकानात मागवलेला प्रत्येक नग तुझ्या नावावर असतो. पहिल्या ख्रिसमसला मी हौसेने कॅमेंबेअर हे मऊ फ्रेंच चीज भरपूर मागवलं आणि न्यू इयरनंतर 38 डबे फेकले. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ब्री किंवा कॅमेंबेअर चिलरमध्येसुद्धा पिकत राहतं, बाहेरून आत, आणि फार पुढे गेलं की उघडल्यावर अमोनियाचा भपका येतो. त्यात इम्पोर्टेड मालाचं गणित वेगळं, एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नियमाने माल आयात क्लिअर होताना 60 टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक लागतं, म्हणजे तो तुझ्या शेल्फवर येईपर्यंत हातात किती दिवस उरलेत हे डब्यावर बघून मगच ऑर्डर द्यायची. त्या 38 डब्यांनंतर मी वही घातली, रोज काय विकलं, काय फेकलं, कोणत्या वारी. सहा महिन्यांत त्या वहीवरून ऑर्डर काढायला लागले आणि वेस्टेज निम्म्यावर आलं. पुढे स्टोअर मॅनेजरच्या इंटरव्ह्यूला मी ती वहीच घेऊन गेले होते.

आणि हॉटेलचं शिक्षण अजिबात वाया जात नाही गं. काउंटरवर येणारी जैन बाई चीजमध्ये रेनेट कुठलं आहे हे विचारते (रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य, ते वासराच्या जठरातूनही काढतात, मायक्रोबियलही असतं), तिला लेबल वाचून नीट उत्तर देणं आणि खात्री नसेल तर सरळ नको घेऊ म्हणणं, हे पाहुण्याशी वागण्याचं वळण हॉटेलातच लागतं. ती बाई नंतर दहा वर्षं माझ्याकडेच यायची.

माझं माहेर आजऱ्याचं. 2016 ला तिथल्या आजरा घनसाळ तांदळाला जीआय (त्या भागाचंच खास उत्पादन अशी सरकारी ओळख) मिळालं तेव्हा मी मालकांच्या मागे लागून तो तांदूळ शेल्फवर ठेवला. दोन आठवडे एकही पाकीट हललं नाही, सगळे म्हणायचे एवढा महाग कशाला. मग शनिवारी मी राइस कुकर आणला, संध्याकाळी दारातच भात लावला आणि वाटीवाटीत तूप घालून दिला. वास दुकानभर. सगळी पाकिटं दोन तासांत गेली. तो भात कसा आणि कधी द्यायचा, समोरच्याला काय सांगायचं, हे मला बँक्वेटने शिकवलेलं. पुढे त्याच शेल्फवर सिंधुदुर्गचं कोकम आणि भिवापूरची मिरची आली, आणि माझ्या सगळ्या करिअरमध्ये मला त्या एका शेल्फचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

त्रास पण आहे, लपवत नाही. दिवसभर उभं राहून पाय जातात, चांगले बूट पहिल्या पगारातून घे. दिवाळीच्या हॅम्परपासून न्यू इयरपर्यंत सुट्टी विसर, हे घरी आत्ताच सांगून ठेव. मे महिन्यात चिलर बंद पडला की रात्री अकराला फोन येतो आणि जावं लागतं, कारण पाच डिग्रीच्या वर किती वेळ गेला यावर माल ठेवायचा की फेकायचा ते ठरतं, आणि तो निर्णय सकाळवर ढकलता येत नाही. क्लोजिंगबद्दल, म्हणजे रात्री दुकान बंद करायच्या ड्युटीबद्दल, मात्र स्पष्ट बोल. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षा, घरी सोडायची गाडी ही मालकाची जबाबदारी. हे विचारायला लाजू नकोस.

माझं मत म्हणशील तर ऑफर घे, पण एक गोष्ट कळल्याशिवाय नको. ऑर्डर कोण काढतं, तू की हेड ऑफिस? वेस्टेज आणि मार्जिनचे आकडे तुला दाखवणार का? ते सगळं वरूनच येणार असेल आणि तू फक्त बिलिंगवर मुलं उभी करायची, तर मग तुझं हॉटेलच बरं, तिथे निदान कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) होशील. पण एक काउंटर जरी पूर्ण तुझ्या हातात देत असतील तर पगार दोन-तीन हजार कमी असला तरी जा.

ऑफर लेटर आलं की कंपनीचं नाव खोडून जॉब रोल आणि इन्सेंटिव्हचा भाग इथे टाक, मी बघून सांगते.