गाडी फायबरची, मग अर्थिंग कुठून येणार?

प्रश्न : नमस्कार सर, मी अंबडला एका कारखान्यात फिटर आहे आणि दोन वर्षं झाली घरामागच्या शेडमध्ये मारुती 800 चं इंजिन-गिअरबॉक्स वापरून टू सीटर किट कार बांधतोय. चॅसिस चौकोनी पाइपची, पावडर कोटिंग केलेली, नाक आणि मडगार्ड फायबरचे. हेडलाइट जुन्या जीपचे सात इंची गोल, एच4 बल्ब. डिप्पर लावला की उजवा लख्ख लागतो आणि डावा नुसता लालसर, वर डॅशवरचा अप्परचा निळा दिवा मिणमिणतो ते वेगळंच. बल्ब अदलाबदल करून बघितले, होल्डर नवा टाकला, तरी डावाच मंद. उजव्याची काळी वायर हॉर्नच्या अर्थला जोडलीय, डाव्याची बकेटच्या (दिवा बसतो त्या वाटीच्या) बोल्टला, जीपला असते तशी. इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर कमी पडतोय, मोठा टाका. टाकू का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अजिबात टाकू नका. अल्टरनेटर कमी पडला असता तर दोन्ही दिवे पिवळे पडले असते, एकट्या डाव्याशी त्याचं काय वैर. आणि निळ्या दिव्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, रोग तिथेच दिसतोय.

जीपचं मडगार्ड पत्र्याचं असतं म्हणून बकेटच्या बोल्टला वायर लावली की अर्थिंग मिळतं, तुमचं मडगार्ड फायबरचं, त्यातून करंट जाणार कुठे? एच4 ला तीन पिना, एक अप्पर, एक डिप्पर आणि दोघांची मिळून एक अर्थ. डाव्याची अर्थच तुटलेली, त्यामुळे डिप्परच्या फिलॅमेंटमधून आलेला करंट वाट शोधत त्याच बल्बच्या अप्पर फिलॅमेंटमध्ये घुसतो, तिथून अप्परच्या वायरने उलटा निघून उजव्या दिव्याच्या अप्पर फिलॅमेंटमधून चॅसिसला पोचतो. म्हणजे तीन फिलॅमेंट एका माळेत, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार-चार व्होल्ट, मग लालसर नाही दिसणार तर काय! निळा दिवा त्याच अप्परच्या वायरवर बसलाय, त्यालाही ते चार व्होल्ट मिळतात म्हणून तो मिणमिणतो.

खात्री करायची तर डिप्पर चालू ठेवा, मीटरची एक पिन डाव्या होल्डरच्या काळ्या वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. आठच्या आसपास दाखवेल, धड अर्थ असेल तर शून्याला चिकटलेला पाहिजे. मग वायरचा एक तुकडा घेऊन काळी वायर थेट निगेटिव्हला टेकवा, दिवा तिथल्या तिथे लख्ख होईल.

आता काम पक्कं करा. प्रत्येक दिव्यापासून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर चॅसिसपर्यंत आणा, टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी) दाबून बसवा, आणि जिथे बोल्ट येणार तिथली पावडर कोटिंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, खाली दातेरी वॉशर टाका, आवळून झाल्यावर वरून रंगाचा हात मारा. कोटिंगवरच बोल्ट आवळणारे खूप बघितलेत मी, आज लागतं आणि पहिल्या पावसात बंद. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, तेव्हा इंजिन ते चॅसिस जाड पट्टाही विसरू नका.

उघडलंच आहे तर रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पण टाकून घ्या, अप्परला एक, डिप्परला एक. 60 वॅटचे दोन अप्पर म्हणजे सरळ दहा अँपिअर, ते सगळे स्टिअरिंगवरच्या स्विचमधून फिरवून आणले की स्विच तापतो आणि एक स्क्वेअरच्या सहा मीटर वायरीत एक व्होल्ट वाटेतच जिरतो. एकच व्होल्ट म्हणाल, पण बल्बचा उजेड त्याने जवळपास पाव भाग उतरतो. रिलेत 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून जाड वायर, 87 वरून दिव्याला, 85 ला अर्थ, 86 ला स्विचची वायर, आणि स्विचला बारीक वायर पुरते. फ्यूज मात्र डाव्या-उजव्याला वेगळे ठेवा हो, माझ्या जुन्या जीपला सगळ्यांना मिळून एकच होता आणि तो कसारा घाटात, धुक्यात, पावसात उडाला. मागच्या ट्रकवाल्याने थांबून टॉर्च धरली म्हणून ही कॉलम लिहायला आज इथे आहे.

दिवे किती उंचीवर बसलेत तेही मोजा. युरोपच्या नियमात डिप्पर जमिनीपासून निदान 500 मिलिमीटर वर लागतो, आणि तुमच्यासारख्या बुटक्या गाड्यांची तिथेच पंचाईत होते. आणि रस्त्यावर काढायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या, केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून पास व्हावा लागतो. तोवर आपलं शेत, आपला बांध.

प्रश्न : मामेभावाने जर्मनीहून जुन्या गाडीचे हेडलाइट आणलेत, मस्त आहेत, माझ्या प्रोजेक्टला लावू का? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : काचेवर बाण आहे का बघा. तिकडे उजवीकडून चालवतात, त्यामुळे त्या डिप्परचा उजेड उजवीकडे वर चढतो, आपल्याकडे नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. समोर उभं राहून काचेकडे बघितलं की तुमच्या उजव्या हाताला जाणारा बाण असेल तर आपल्या कामाचा, दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हीकडे चालतो, आणि बाणच नसेल तर शोकेसमध्ये ठेवा. काच काळ्या टेपने झाकायचं जुगाड सांगतील लोक, ऐकू नका. बसवल्यावर लेव्हल लावताना भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, सीटवर कुणाला तरी बसवा कारण हलक्या गाडीचं नाक माणसाच्या वजनाने बदलतं, आणि डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली आणा.