गूळ, भाकरी आणि एकादशी

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय 46, उंची 168 सेंटिमीटर, वजन 63 किलो. बार्शीत कापडाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात सहज रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर 116 आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, 6.2 आलं. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहात. वडिलांना डायबेटिस होता, म्हणून मी दहा वर्षांपूर्वीच साखर सोडली. समोरच्या दुकानातून गुळाचा चहा येतो, दिवसाकाठी सहा-सात कप होतात. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. सोमवार, एकादशी कडक धरतो. पोट सुटलेलं नाही (थोडं). मग मला कसं काय झालं? आता आणखी काय सोडू?

उत्तर : ते कंसातलं ‘थोडं’ मला महत्त्वाचं वाटतं. शिंप्याची टेप तुमच्या दुकानात असेलच. श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पट्टा पोटाच्या खाली बसतो. पुरुषाचं पोट 90 सेंटिमीटरच्या पुढे गेलं, की वजन काहीही असो, मी सावध होते.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय, दोघांचा 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. तुमचा बीएमआय मी काढला. तोही 22.3! दिसायला बारीक, आत चरबी, त्यात वडिलांचा वारसा. त्यामुळे ‘मला कसं काय’ याचं मला फारसं नवल वाटलं नाही.

गूळ म्हणजे बहुतांश साखरच, रंग बदललेली. कपाला दोन चमचे धरले तरी सहा कपांत साठेक ग्रॅम होतात. गिऱ्हाइकाबरोबर प्रत्येक वेळी आपणही प्यायलाच पाहिजे असं नाही. दोन कप ठेवा, तेही बिनगुळाचे.

भाकरी सोडू नका, पण मोजा. माझ्या टेबलाच्या खणात स्वयंपाकघरातला वजनकाटा असतो. एका पेशंटला म्हटलं, वहिनी एका भाकरीला घेतात तेवढं पीठ डब्यात घालून आणा. भरलं 85 ग्रॅम. आमच्या घरच्या पोळीला 35 लागतं. म्हणजे त्यांच्या तीन भाकऱ्या म्हणजे माझ्या सात पोळ्या, आणि गडी म्हणत होता, ‘पोळीला हात लावत नाही.’ मालदांडी कितीही चांगली असली, तरी ज्वारीच्या पिठात पिष्ट जवळजवळ गव्हाइतकंच असतं. तुम्ही रात्री एक भाकरी घ्या. आधी वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी खा, मग भाकरी मोडा. साखर एकदम चढत नाही.

आता एकादशी. दुपारी खिचडी, रात्री भगर, बटाट्याची भाजी, मध्ये केळी, खजूर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगीच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. ज्या कंदाचा तो होतो, तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. विठोबाला त्याचाच आग्रह आहे असं मला अजून एकाही वारकऱ्याने सांगितलेलं नाही. वाटीभर भगर, दाण्याची आमटी, दही, काकडी यांवरही उपास होतो.

दुकान बंद करून दहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, असं चालू असेल तर डबा साडेसातला दुकानातच मागवा. दुकान वाढवलं की भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन या. तागे पोराला काढायला सांगू नका, स्वतः काढा. स्नायू हलले की साखर वापरतात.

याने फरक पडतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्याच लोकांना तीनेक वर्षं आहार आणि चालण्याची शिस्त लावून पाहिली. निकाल 2006 मध्ये आला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत शंभरातल्या 55 जणांना डायबेटिस झाला, शिस्त पाळणाऱ्यांत 39 जणांना. गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही उपाशी राहून आणखी वाळू नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा आणि पोटाच्या मापासकट कळवा.

प्रश्न : सासूबाई रोज कारल्याचा रस घेतात आणि डायबेटिसची गोळी एक दिवसाआड. चालेल का? (लातूर)

उत्तर : नाही. रस घ्यायचा तर घेऊ द्या, पण गोळी लिहून दिल्याप्रमाणेच, आणि रसाबद्दल डॉक्टरांना सांगून ठेवा. गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल, तर ती घेऊन उपाशी राहिल्यावर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बावचळतो. शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या. तेव्हा गूळ की साखर, हा वाद घालत बसू नका.