आपल्या पिनकोडच्या पोटात काय आहे

पोरी,

तुझा मेसेज वाचला. मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडायचे म्हटलं की हात थांबतो, मग मोबाईलमध्ये टाकून उत्तर घेते म्हणालीस. उत्तर बरोबरच येतं गं, पण तुझ्या हाताला त्यातनं काय मिळालं? म्हणून आज एकच संख्या घेऊ, तुझ्या घरच्या पत्त्यावरची, ४१३००१. सोलापूर लिहिलं की पुढं आपोआप लिहितेस, कधी संख्या म्हणून बघितलीस का?

आकड्यांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणार (१०, १००, १००० कशालाही ९ ने भागलं तरी बाकी १च राहते म्हणून हे चालतं, नुसतं पाठ करू नको). भागून ४५८८९ येतात आणि इथनं खरी मेहनत, ७ ने जात नाही, ११ ने नाही, १३ ने नाही, असं करत १०७ पर्यंत पंचवीस मूळ संख्या लावायच्या आणि एकीनेही भाग जात नाही. मी कॉलेजला असताना ९७ ला कंटाळून थांबलो आणि वहीत लिहून टाकलं की ही मूळ संख्या आहे, दोन वर्षं तसंच धरून बसलो. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या थोडं वर आहे, तिथपर्यंत कुठल्याच मूळ संख्येने भाग गेला नाही तरच ती मूळ, म्हणजे २११ पर्यंत जायलाच पाहिजे होतं, आणि खरं तर अजून चारच भागाकार लागले असते. १०९ ने जातो. १०९ गुणिले ४२१.

मोबाईलचं उत्तर इथं संपतं, ३ × ३ × १०९ × ४२१. तू पुढं बघ की. १०९ ला आणि ४२१ ला ४ ने भाग, दोन्हीकडे बाकी १. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या एका पत्रात हे लिहिलं, सिद्धता पुढच्या शतकात ऑयलर या स्विस गणितज्ञाने दिली. १०९ म्हणजे १० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, ४२१ म्हणजे १५ चा अधिक १४ चा. आणि अशा दोन बेरजांचा गुणाकार केला तरी परत दोन वर्गांचीच बेरीज येते, हे आपल्या प्राचीन गणितज्ञ ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या 'भावना' नावाच्या गुणाकाराच्या रीतीतनं निघतं. १०×१५ मधून ३×१४ वजा, १०८. १०×१४ मध्ये ३×१५ मिळव, १८५. हे झाले ४५८८९ चे, बाहेर ३ × ३ राहिलेत म्हणून दोन्ही तिप्पट कर, ३२४ आणि ५५५. चिन्हं उलटी केलीस (वजा तिथं अधिक, अधिक तिथं वजा) तर ५७६ आणि २८५. दोन्ही जोड्यांचे वर्ग करून बेरीज करून बघ, दोन्हीकडे ४१३००१ च येतात! तिसरी जोडी नाही. मला आजही हे लई भारी वाटतं.

आपल्याच गावातला ४१३००३ मात्र कधीच असा दोन वर्गांच्या बेरजेत फुटणार नाही. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० नाहीतर १, दोघांची मिळून ३ होतच नाही, आणि याची बाकी ३ आहे.

तू ४१३००५ घे. ५ काढलेस की ८२६०१ उरतात, त्याला कदाचित २८३ पर्यंत बघावं लागेल, मध्येच सोडू नको. दिवाळीला आलीस की वही घेऊन ये, खाडाखोड असली तरी चालेल.