उजव्या पायाचा लेफ्ट बॅक

प्रश्न : फुटबॉलपटू डेनिस आयर्विन मुळात उजव्या पायाचा. तरी मँचेस्टर युनायटेडमध्ये एवढी वर्षं डावीकडे कसा खपला? आमच्याकडचा उजव्या पायाचा मुलगा लेफ्ट बॅकला (डाव्या कडेच्या बचावपटूच्या जागी) टाकला की हमखास अडकतो. (सांगली)

उत्तर : आडनाव सांगलीकरांच्या ओळखीचं, पण तुमच्या आयर्विन पुलाशी या गड्याचा संबंध नाही. हा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, जन्म १९६५ चा.

आधी तुमचा मुलगा का अडकतो ते बघू. डाव्या साइडलाइनजवळ आलेला पास तो उजव्या पायानं घेतो. त्यामुळे अंग मैदानाच्या मध्याकडे वळतं आणि चेंडू नेमका समोरून धावत येणाऱ्या विंगरच्या (कडेनं चढाई करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या) बाजूला जातो. लाइनलगत पुढे पास द्यायची वाट बंद होते, मग उरतो तो मागे गोलकीपरकडे पास. पुढे चढला तरी क्रॉससाठी (कडेवरून गोलसमोर चेंडू टाकण्यासाठी) थांबून चेंडू उजव्या पायावर घ्यावा लागतो. तेवढ्यात समोरचा बचाव जागेवर येतो.

आयर्विनचं असं होत नसे, कारण त्याचा डावा पाय पास आणि क्रॉस दोन्हींना भरवशाचा होता. बचावात तर उजवा पाय कामीच येतो. विंगर आत वळला की तो लेफ्ट बॅकच्या उजव्या पायासमोर येतो. बाहेरून निसटणाऱ्याला मात्र डाव्या पायानंच अडवावं लागतं.

मुलाला १२-१५ मीटरवरून पास द्या. पहिला स्पर्श डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं, चेंडू पुढे आणि लाइनकडे; दुसरा स्पर्श डाव्यानंच पास. रोज ४०-५० वेळा. वेग नंतर वाढवा. घाई केली की मुलं गुपचूप उजव्या पायावर परततात.

प्रश्न : लीड्स क्लबनं आयर्विनला फुकट सोडलं होतं, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. १९८६ मध्ये लीड्सनं ट्रान्सफर फी न घेता त्याला ओल्डहॅम क्लबकडे जाऊ दिलं. तिथलं मैदान तेव्हा प्लास्टिकच्या कृत्रिम गवताचं, चेंडू उंच उसळायचा. १९९० मध्ये ओल्डहॅम लीग कपच्या अंतिम सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ हरलं. एफए कपच्या उपांत्य फेरीत युनायटेडशी ३-३ बरोबरी झाली, फेरसामना १-२ असा गेला. त्याच उन्हाळ्यात युनायटेडनं ६,२५,००० पौंड मोजून त्याला घेतलं. सुरुवातीला तो राइट बॅक होता. १९९१ मध्ये पॉल पार्कर आल्यावर डावीकडे सरकला. १२ हंगाम, ५२९ सामने, ३३ गोल आणि ७ लीग विजेतेपदं. त्या पैशात याहून चांगला सौदा आम्हाला तरी आठवत नाही.

प्रश्न : १९९९ चा एफए कप फायनल तो खेळला नाही, पण चार दिवसांनी चॅम्पियन्स लीगचा खेळला. असं कसं?

उत्तर : ५ मे १९९९, लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूलविरुद्धचा लीग सामना. आयर्विननं पेनल्टीवर गोल करून युनायटेडला २-० वर नेलं. नंतर शिट्टी वाजल्यावर त्यानं चेंडू पुढे लाथाडला. रेफरी डेव्हिड एलरे यांनी ते वेळकाढूपणा धरून दुसरं पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे लाल. सामना २-२ सुटला. नियमावर बोट ठेवता येतं, पण एवढ्याशा कारणावरून फायनल हुकावी हे जिव्हारी लागणारंच. लाल कार्डामुळे आलेली बंदी इंग्लंडच्या स्पर्धांपुरती होती, म्हणून २२ मेला न्यूकॅसलविरुद्ध फिल नेव्हिल लेफ्ट बॅक. चॅम्पियन्स लीग युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेची, तिचा कार्डांचा हिशेब वेगळा. २६ मेला बार्सिलोनात आयर्विन आपल्या जागेवर हजर.

कार्डांनी त्याला आधीही चटका दिला होता. १९९४ च्या विश्वचषकात इटली आणि मेक्सिकोविरुद्ध एकेक पिवळं कार्ड मिळालं आणि नॉर्वेविरुद्ध बाहेर बसावं लागलं. त्याच्या जागी आलेला गॅरी केली पुढच्या हॉलंडविरुद्धच्या सामन्यातही टिकला, आणि आयर्लंडची स्पर्धा तिथंच संपली.