सशाची मान एकाएकी वाकडी झाली, सारखा लोळतोय. वाचेल का? घरी काय करावं?

वाचायची शक्यता बरीच आहे. तुम्ही लिहिलंय की ससा दोन वर्षांचा आहे, काल सकाळपासून मान डावीकडे कलंडली आहे, उठायला गेला की गडगडा लोळतो, आणि दाखवलंत त्या डॉक्टरांनी 'इंजेक्शन देऊन मोकळं करा' असं सांगितलं. तो निर्णय आज घेऊ नका. पहिले काही दिवस हा आजार बघवत नाही इतका वाईट दिसतो, पण दिसतो तितका ससा हाताबाहेर गेलेला असतोच असं नाही. आमचा ढब्बू अशाच अवस्थेतून उठला आणि पुढे कित्येक वर्षं तिरक्या मानेने घरभर हुंदडला. मी डॉक्टर नाही. पण ही शुश्रूषा मी हाताने केली आहे आणि त्या काळात सशांच्या डॉक्टरांचं डोकं भरपूर खाल्लंय.

आधी पोटाकडे बघा, मानेकडे नंतर. मान वाकडी झाली म्हणून ससा सहसा दगावत नाही, उपाशी राहिला तर दगावतो. त्याचं आतडं सतत चालू असावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की ते मंदावतं, गॅस धरतो, आणि मग खरी धावपळ सुरू होते. या आजारात तोल सांभाळणारी यंत्रणाच बिघडलेली असल्यामुळे त्याला सतत चक्कर येत असते, आणि सशाला उलटीही होत नाही. वरंधा घाट उतरणाऱ्या एसटीत शेवटच्या बाकावर बसवून कोणी ताट पुढे केलं तर आपण जेवू का? त्याचं चोवीस तास तेच चाललेलं असतं. म्हणून आत्ता उठून लेंड्या बघा: किती आहेत, केवढ्या आहेत, काल रात्रीनंतरच्या किती. लेंड्या बारीक होत चालल्या असतील किंवा थांबल्या असतील तर सिरिंजने भरवायला लागा. फक्त पोट टम्म फुगलेलं आणि कडक लागत असेल तर काही भरवू नका, तडक दवाखाना गाठा.

भरवायचं कसं, ते नीट सांगते, कारण इथेच लोक धीर सोडतात. त्याचे रोजचे पेलेट कोमट पाण्यात भिजवा, फुगले की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवून सरसरीत करा. गाळू नका, आतड्याला तो चोथाच हवा असतो. साध्या सिरिंजचं तोंड चोथ्याने बुजतं. औषधाच्या दुकानात राइल्स ट्यूबला, म्हणजे रुग्णाला नाकातून भरवायच्या नळीला, लावायची रुंद तोंडाची सिरिंज मागा, ती मिळते. सशाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून मांडीवर घ्या, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, अंग सरळ. मान मात्र जशी आहे तशीच राहू द्या. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या फटीतून घालायची आणि एका वेळी मिलिलिटरभरच सोडायचं. तो चावतो, गिळतो, मग पुढचं. घाई केली की ते श्वासनलिकेत जातं. स्वतःहून काहीच खात नसेल तर दिवसाकाठी वजनाच्या दर किलोला साधारण ५० मिलिलिटर, चार-पाच वेळांत विभागून. पाणी वेगळं.

आणि त्याचबरोबर खरं खाणं त्याच्या तोंडापाशी न्या. वाटीत ठेवलेलं त्याला गाठता येत नाही, बाटलीची नळी तर सापडतही नाही. कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, सुकं गवत हातात धरून ओठांशी न्यायचं आणि तो ओढेल तसं सोडायचं. ढब्बूने पहिल्यांदा स्वतःहून काय खाल्लं, तर दूर्वा. सासूबाई गणपतीसाठी जुड्या बांधत बसल्या होत्या, एक काडी त्याच्या मिश्यांना लागली आणि ती कराकरा आत गेली. तेव्हापासून फुलवालीकडून रोज दूर्वा येऊ लागल्या. स्वच्छ धुऊन दिल्या तर फार चांगलं खाणं आहे. पाणी जड, बुटक्या, न कलंडणाऱ्या भांड्यात ठेवा, पालाही ओलाच द्या, तेवढंच पाणी पोटात जातं.

आता हे झालं कशाने. मुख्य संशयित दोन. एक, कानाच्या आतल्या भागात जंतुसंसर्ग. लोंबत्या कानांच्या सशांत याचं प्रमाण जास्त. कानाला वास येणं, दह्यासारखा घट्ट पू, चेहऱ्याची एक बाजू सैल पडणं, आधीपासूनची शिंक-सर्दी ही त्याची लक्षणं, पण पू पडद्याच्या आत असेल तर बाहेरून कान अगदी स्वच्छ दिसतो. दुसरा, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय नावाचा सूक्ष्म परजीवी. डॉक्टर त्याला 'ई. क्युनिक्युलाय' म्हणतात. सशांमध्ये तो १९२२ सालापासून माहीत आहे. तो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांवर घाला घालतो. बहुतेक वेळा पिल्लाला तो आईकडून किंवा दुसऱ्या सशाच्या लघवीतून मिळतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि एखाद्या ताणानंतर डोकं वर काढतो. मागचे पाय लुळे पडणं, लघवी वाढणं, डोळ्याच्या भिंगात पांढरं दिसणं ही लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतात. पडणं, डोक्याला मार, गाठ, विषबाधा हीही कारणं असतात, पण कमी. शेजारी सांगतील 'अर्धांग झालं', 'वारं गेलं'. त्यांचं ऐकून घ्या आणि पुढे चला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सशाच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा. बुबुळं आपोआप झटके देत हलताना दिसतील. आडवी हलतात की उभी, हे बघून डॉक्टरांना बरंच कळतं. उभी हलत असतील तर बिघाड मेंदूत असण्याची शक्यता वाढते. रक्ततपासणीत ई. क्युनिक्युलाय 'पॉझिटिव्ह' आलं तर त्याचा अर्थ ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला होता, इतकाच. धडधाकट सशांतही कितीतरी पॉझिटिव्ह निघतात. कानाच्या आत बघायला एक्स-रे किंवा त्याहून चांगलं म्हणजे सीटी लागतो. हे सगळं प्रत्येकाला परवडत नाही, मिळतही नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा दोन्ही आजारांवर एकदमच उपचार सुरू करतात. मला ते पटतं.

परजीवीसाठी फेनबेंडाझोल देतात: दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. दीड किलोच्या सशाला रोज ३० मिलिग्रॅम झाले. ते दुकानातून स्वतः आणून सुरू करू नका. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत त्याच्या जोडीला आणखी औषधं असतात, आणि फेनबेंडाझोलने क्वचित अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज, दबते, म्हणून रक्तपेशींवर लक्ष ठेवावं लागतं. सूज-वेदनेसाठी मेलॉक्झिकॅम, चक्कर कमी करायला मेक्लिझिन, लोळणं थांबतच नसेल तर मिडाझोलाम, आणि कानासाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिमसारखं प्रतिजैविक, तेही कित्येक आठवडे. काय द्यायचं आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. काय द्यायचं नाही, ते मात्र तुम्हाला पाठ पाहिजे. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन कधीही नाही. त्यांनी आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, विषारी वाढतात आणि ससा जुलाबाने जातो. पेनिसिलिनचं कातडीखालचं इंजेक्शन डॉक्टर देतात, ते वेगळं. स्टिरॉइडबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. सशाला ते मानवत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबून आतला परजीवी मोकाट सुटू शकतो, म्हणून मी 'नको' म्हणणाऱ्यांच्या बाजूची. कुत्र्यांच्या कानाच्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, तेव्हा घरातली जुनी बाटली उघडू नका. गोचिडांचा फिप्रोनिल स्प्रे सशासाठी विष आहे. आणि कानात तपकिरी खपल्यांचे थर असतील तर ती खरूज आहे. त्या खपल्या ओढून काढू नका, औषधाने आपोआप सुटतात.

दुसरा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही सशाच्या बाबतीत चाचपडतात, त्यात त्यांचा दोष नाही. ससे, पक्षी, कासवं बघणारे 'एक्झॉटिक' डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत. ते न सापडल्यास परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बैलघोडा हॉस्पिटल, शिरवळचं आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे चौकशी करा. निघण्याआधी फोनवर सहज विचारा, 'सशाला तोंडाने अमॉक्सिसिलिन चालेल का?' 'चालेल' असं उत्तर आलं तर तिकडे जाऊ नका.

घरातली व्यवस्था. जाळीचा पिंजरा आता बंद. लोळताना नखं अडकतात, पाय मोडतो, कधी पाठीचा कणाही. जाड पुठ्ठ्याचं खोकं किंवा प्लास्टिकचा रुंद क्रेट घ्या, तळाला लघवी शोषणारा पॅड, त्यावर जुनी सोलापुरी चादर. टर्किश टॉवेलच्या सुतात नखं गुंततात, तो अंगाखाली नको. चारी कडांना चादरींच्या घट्ट गुंडाळ्या लावा, इतक्या जवळ की कलंडला तरी अंग कशाला तरी टेकेल. अंगाला आधार लागला की लोळण निम्मी थांबते, हे तुम्ही पहिल्याच तासात बघाल. रात्री झिरोचा दिवा चालू ठेवा. कानाने तोल कळेनासा झाला की तो डोळ्यांवर विसंबतो, मिट्ट अंधारात पुन्हा गरगरतो. उन्हाळा असेल तर खोली गार ठेवा, तिशीच्या वरचं तापमान सशाला सोसत नाही.

उचलताना झटका नको. एक हात छातीखाली, एक पुठ्ठ्यांखाली, अंग तुमच्या छातीशी दाबून. खाली ठेवल्यावर लगेच हात काढू नका, अंग स्थिर झालं की हळूच काढा. मान जोर लावून सरळ करायची नाही. कोणी हाडवैद्य 'मान बसवून देतो' म्हणाला तर त्याला घरातही घेऊ नका. मान निखळलेली नसते, ती मेंदूने तशी धरलेली असते.

खालच्या बाजूचा डोळा विसरला जातो. तो चादरीवर घासतो, नीट मिटत नाही, कोरडा पडून बुबुळावर जखम होते. दिवसातून तीन-चारदा बघा, डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब किंवा मलम घाला. डोळा लाल किंवा धुरकट दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

मागची बाजूही बघा. स्वतःची स्वच्छता त्याला जमत नाही, लघवीने कातडी सोलवटते. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून खडखडीत कोरडं करा, पूर्ण अंघोळ घालू नका. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा केस बाजूला करून पाहाच. ओल्या जागी माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. एकमेकींना चिकटलेल्या मऊ, चकाकणाऱ्या लेंड्या दिसल्या तर फेकू नका. त्या ससा खातो आणि त्याला त्या हव्याच असतात. मान वळत नसल्यामुळे त्या तोंडाशी धरा. पहिल्यांदा कसंतरी होतं, मग सवय होते.

किती दिवस? आठवडे, कधी काही महिने. आधी डोळ्यांचे झटके थांबतात, मग लोळणं, मान सगळ्यात शेवटी, आणि तीही कित्येकांची पूर्ण सरळ होत नाही. त्याने काही अडत नाही, ते जगाकडे तिरकं बघायला शिकतात. लोळणं थांबलं की रोज थोडा वेळ बाहेर सोडा, पण फरशीवर नव्हे, सतरंजीवर किंवा योगा मॅटवर. पडू द्या, उठू द्या. चालण्यानेच मेंदू नवा तोल बसवतो. नोकरी सांभाळून हे कसं जमवायचं असंही तुम्ही विचारलंत, तर सकाळी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी तुम्ही भरवा, पण दुपारच्या एका भरवण्यासाठी माणूस लागेलच, निदान पहिले काही आठवडे.

सगळे ससे वाचतात असंही मी म्हणणार नाही. नीट औषधोपचार होऊनही लोळणं आटोक्यात येत नाही, गिळताच येत नाही, किंवा मूत्रपिंडं गेली आहेत, अशा वेळी त्याला सोडवणं हीच दया. पण ते उपचार करून पाहिल्यावर ठरवायचं.

घरात दुसरा ससा असेल आणि दोघांचं जमत असेल तर तोडू नका, शेजारी बसलेल्या जोडीदाराने आजारी ससा खायला लागतो. लागण व्हायची असती तर ती बहुधा आधीच झालेली असते. तरी त्या दुसऱ्यालाही तपासून घ्या. परजीवीचे बीजाणू लघवीतून पसरतात, तेव्हा भांडी उकळत्या पाण्याने आणि फरशी ब्लीचच्या पातळ पाण्याने धुवा, ससा तिथे नसताना. धडधाकट माणसाला यातून सहसा काही होत नाही. पण केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं कोणी घरात असेल तर त्यांनी त्या पॅडला हात लावू नये, आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत.