फोल्डरमधून हव्या तेवढ्याच फायली: वाचकांची प्रश्नोत्तरे

अंबड एमआयडीसीतून: एक्सेलच्या मॅक्रोत 'डिर'ला (फोल्डरमधली नावं देणारी आज्ञा) 'व्हीबी-डिरेक्टरी' (फोल्डर हवेत, अशी सूचना) दिलं, तरी फोल्डरांसोबत साध्या फायलीही येतात. काय चुकतंय?

'डिर' तसंच वागतं. 'व्हीबी-डिरेक्टरी' किंवा 'व्हीबी-हिडन' दिलं, की ते 'हेच दे' असं समजत नाही, 'साध्या फायलींबरोबर हेही दे' असं समजतं. त्यामुळे निवड आपणच करायची. आलेल्या प्रत्येक नावाबद्दल 'गेट-ॲट्र'ला (फाइलच्या खुणा, म्हणजे ॲट्रिब्यूट्स, सांगणारी आज्ञा) विचारा. ते एकच संख्या देतं, पण तिच्यात सगळ्या खुणांची बेरीज असते: रीड-ओन्ली १, हिडन २, सिस्टिम ४, फोल्डर १६, अर्काइव्ह ३२. म्हणजे लपवलेला फोल्डर १८ येणार, आणि 'बरोबर १६ आहे का?' ही तुलना त्याला सोडून देणार. 'अँड' लावून १६ चा बिट चालू आहे का, म्हणजे बेरजेत १६ ची खूण आहे का, एवढंच पाहा.

हा 'अँड'चा भाग कंसात घालाच. व्हीबीएमध्ये (एक्सेल मॅक्रोंची भाषा) तुलना आधी होते, 'अँड' नंतर. कंस राहिला तर अर्काइव्हची खूण असलेली साधी फाइलही फोल्डर ठरते, आणि एररही येत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

तुम्ही पाठवलेल्या यादीत 'द्राक्षे मार्च' अशी देवनागरी नावं आहेत. 'डिर' त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं देतं आणि पुढे फाइल सापडतच नाही. मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी 'डिर'ऐवजी सरळ 'फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्ट' (फायली-फोल्डर हाताळायचं विंडोजचं साधन) वापरावं. खुणांचे आकडे तिथेही हेच आहेत. यंत्रासाठी नावं इंग्रजीत बदलू नका.

पंचवटीतून: पायथनमध्ये नेटवर्क ड्राइव्हवरच्या हजारो फोटोंतून हिडन फायली वगळायला फार वेळ लागतो.

'लिस्टडिर'ने नुसती नावं घेऊन प्रत्येकावर वेगळं 'स्टॅट' केलं (फाइलची माहिती विचारली) की दर फाइलमागे सर्व्हरकडे एक फेरी होते. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून त्याऐवजी 'स्कॅनडिर' आहे; ते प्रत्येक फाइलची एक नोंद देतं. विंडोजवर यादीबरोबरच खुणाही येतात. त्या नोंदीच्याच 'स्टॅट'मधून वाचायच्या, जादा फेरी लागत नाही. लिनक्सवर मात्र हिडनची खूण नसते. नावाची सुरुवात टिंबाने होते का, ते तपासायचं.

गंगापूर रोडवरून: सी-शार्पमध्ये 'एन्युमरेशन-ऑप्शन्स' (फायलींची यादी घेण्याच्या सेटिंग्ज) वापरल्यावर काही फायली गायब!

त्यातली 'ॲट्रिब्यूट्स-टू-स्किप' ही सेटिंग मुळातच हिडन आणि सिस्टिम फायली वगळते. ती शून्य करा.